ठपका वेगळा, पाप वेगळं

रमाबाई म्हटलं की आमच्या कन्नडच्या बायकांना आधी आठवते ती बाबासाहेबांची रमाई. मग टीव्हीवरची मालिका ज्यांनी आवडीने पाहिली, त्यांना रानड्यांच्या रमाबाई. तिसऱ्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्याविषयी विचारलं तर शाळेत पाठ केलेल्या दोन-तीन ओळी निघतात. संस्कृतच्या मोठ्या पंडिता होत्या, विधवांसाठी शारदासदन काढलं आणि ख्रिस्ती झाल्या. बस्स, इथे गाडी थांबते! ५ एप्रिल हा त्यांचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने मला आज या शेवटच्या ओळीविषयीच बोलायचंय.

केडगावच्या त्यांच्या संस्थेचं नाव मुक्ती. (आपण एस.टी.ने पुण्याला जाताना नगरजवळ केडगाव लागतं, ते हे नव्हे हं! हे दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं.) मुक्ती कशापासून? आपल्याला वाटतं, उपासमारीपासून, केशवपनापासून, घरच्या छळापासून. ते तर होतंच. पण रमाबाईंच्या मनातली मुक्ती त्याहून खोल होती. ती होती पापाच्या बंधनातून मुक्ती. मी स्वतः माळकरी घरातली, ख्रिस्ती नाही. तरी रमाबाईंचं आयुष्य वाचताना मला सारखं वाटत राहिलं की, ही गोष्ट प्रत्येक बाईने एकदा तरी समजून घ्यायला हवी.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बाईच्या कानावर संस्कृत पडू नये असा तो काळ. पण शास्त्रीबुवांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं आणि त्या माउलीने लेकीला. हे कुटुंब गावोगाव पायी फिरायचं, देवळात पुराण सांगायचं, तीर्थात स्नान करायचं. हाती येईल ते दानधर्मात जायचं. व्रतं, उपास, जप यात खंड नव्हता. पाप धुवावं, पुण्य जोडावं, हाच ध्यास.

१८७० नंतरच्या दुष्काळात मात्र या घराची दैना झाली. १८७४ मध्ये वडील गेले. काही दिवसांतच आई गेली ती रायचूरला. रायचूर तेव्हा निजामाच्या राज्यात, आपल्या कन्नडसारखंच. आईला खांदा द्यायला माणसं मिळेनात. दोघांना दया आली, तिसरा भाऊ आणि चौथी ही कोवळी पोर. उंचीने लहान, म्हणून तिने तिरडीचा भार डोक्यावर घेतला, असं सांगतात. मागोमाग थोरली बहीण कृष्णाबाईही गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा.

दोघं भावंडं पायी हिंदुस्थान पालथा घालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची मुलगी घडाघडा संस्कृत बोलते, हजारो श्लोक पाठ म्हणते, हे बघून तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. बायकांपुढे व्याख्यानं द्यायची म्हणून रमाबाई धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला बसल्या. आणि इथेच त्यांना ठेच लागली. त्यांनी पुढे लिहून ठेवलंय की, बाकी कशावर ग्रंथांचं एकमत नव्हतं, पण बाईच्या बाबतीत त्यांना ते दिसलं. बाई मुळातच वाईट, आणि नवऱ्याच्या सेवेवाचून तिला मोक्ष नाही. एवढे उपास, एवढ्या यात्रा केलेल्या मुलीला हे वाचून काय वाटलं असेल!

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. दोन्हीकडून नावं ठेवली गेली, पण संसार सुखाचा होता. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने मेधावी गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या आणि पोर वर्षाचीही नाही.

मैत्रिणींनो, इथे जरा थांबू या. नवरा पटकीने गेला. पण लोक काय म्हणत? हिच्या पूर्वजन्मीच्या पापाने गेला! न केलेल्या पापाचा ठपका कपाळी घेऊन त्या काळातली प्रत्येक विधवा जगत होती. त्यातल्या कित्येक तर आठ-दहा वर्षांच्या पोरी. पाप म्हणजे काय हे कळायच्या आधीच पापिणी ठरलेल्या.

रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये वैद्यकी शिकावी म्हणून लेकीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत गेल्याने डॉक्टरकी राहिली. पण तिथे त्यांनी जे पाहिलं त्याने त्यांचं आयुष्यच बदललं.

वॉन्टेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या. या भगिनींचं लंडनच्या फुलहॅम भागात एक काम चालायचं. वाट चुकलेल्या, समाजाने पतित म्हणून हाकललेल्या बायकांना त्या आसरा देत. रमाबाईंना त्यांनी ते दाखवायला नेलं. तिथे रमाबाईंना अशा काही बायका भेटल्या, ज्या एके काळी स्वतः त्या आश्रयगृहात आणल्या गेल्या होत्या आणि आता पार बदलून आजाऱ्यांची, अपंगांची सेवा करत होत्या. रमाबाई चक्रावल्या. अशा बाईला कुणी जवळ करतं, तिचं मन बदलू शकतं, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं की पाहिलं नव्हतं. त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्या भगिनीने बायबलमधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली, लोकांच्या नजरेतून उतरलेली बाई भर दुपारी विहिरीवर येते. येशू तिच्याकडे पाणी मागतात. तिचं सगळं आयुष्य त्यांना ठाऊक असतं, तरी ते तिला झिडकारत नाहीत. उलट खऱ्या उपासनेचा अर्थ ते तिलाच समजावून सांगतात. ही गोष्ट रमाबाईंच्या काळजाला भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी वॉन्टेजला मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडे हे कळताच केवढा गहजब झाला! जोतीराव फुल्यांसारखे काही मोजकेच त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई अमेरिकेत गेल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली, पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झालं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ही बालविधवा. त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई कर्वे झाल्या. पुढच्याच वर्षी शारदासदन पुण्याला आलं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट सांगते. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. नाव झालं होतं, काम चांगलं चाललं होतं. तरी रमाबाईंच्या मनाला स्वस्थता नव्हती. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस वर्षानुवर्षं लोकांना उपदेश करत होता आणि एक दिवस त्याला कळलं की, आपलं स्वतःचंच मन बदललेलं नाही. रमाबाईंनी स्वतःकडे पाहिलं. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त नाही मिळाला, हे त्यांनी मान्य केलं. पूर्वी व्रतांनी पाप धुतलं जाईल अशी आशा होती. आता त्याच आशेने आपण चांगल्या कामांकडे पाहतोय, हे त्यांच्या लक्षात आलं.

ख्रिस्ती श्रद्धेत पाप म्हणजे नुसती चुकांची यादी नाही. ती एक बेडी आहे. माणूस कळूनसवरून वाईट करतो, पस्तावतो आणि पुन्हा तेच करतो. ही बेडी स्वतःच्या जोराने तुटत नाही. उपासाने नाही, दानाने नाही, विद्वत्तेने तर नाहीच. ख्रिस्ताने वधस्तंभावर सगळ्यांच्या पापाचं ओझं स्वतःवर घेतलं, यावर विश्वास ठेवून रिकाम्या हाताने ती क्षमा घ्यायची. ती कमवायची नसते, कृपेने मिळते. रमाबाईंनी ती तशी घेतली. एवढी मोठी पंडिता, पण फुलहॅमच्या त्या बायकांच्याच रांगेत जाऊन उभी राहिली. त्यांना जी क्षमा लागते तीच मला लागते, असं तिने मानलं.

मला यातला मोठेपणा इथे दिसतो. विधवेवर लादलेला पूर्वजन्मीच्या पापाचा ठपका रमाबाईंनी साफ नाकारला. पण पाप असं काही नसतंच, असं त्या म्हणाल्या नाहीत. ठपका वेगळा आणि पाप वेगळं. ठपका समाज लावतो, तोही दुबळ्यावर. पाप मात्र सगळ्यांच्या मनात असतं, बाईच्या, पुरुषाच्या, शास्त्र्याच्या आणि समाजसुधारकाच्याही. आणि ज्याची कबुली देता येते त्यातून सुटकाही होऊ शकते, अशी त्यांची श्रद्धा होती.

अर्थात या श्रद्धेची किंमतही मोजावी लागली. शारदासदनात धर्माचा आग्रह नसेल असं ठरलं होतं. पण रमाबाईंच्या खोलीचं दार उघडं असे आणि त्यांच्या प्रार्थनेला काही मुली आपणहून येऊन बसत. यावरून पुण्यात वादळ उठलं. टिळकांच्या केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांना फसल्यासारखं वाटलं, तेही समजण्यासारखं आहे. रमाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की, मी माझी श्रद्धा लपवणार नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून रमाबाईंना आपल्या आईबापांची उपासमार आठवली. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. तीच मुक्ती. १९०० च्या सुमाराला, गुजरातेतल्या छप्पनच्या दुष्काळानंतर, तिथे राहणाऱ्यांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आपल्या मराठवाड्यातल्या ज्यांनी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, त्यांनाच दोन हजार तोंडांना रोज भाकरी घालणं म्हणजे काय ते कळेल! शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायकाच चालवत. अंध मुलींना शिकवण्याचीही सोय होती. आणि वाट चुकलेल्या बायकांसाठी वेगळं घर होतं. त्याचं नाव कृपासदन. फुलहॅममध्ये पाहिलेलं रमाबाईंनी केडगावला उभं केलं.

१९०५ च्या जूनअखेर मुक्तीत एक घटना घडली. रमाबाई नेहमीच्या शांतपणे मुलींना योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय समजावून देत होत्या. त्याच अध्यायात दगड मारायला आणलेल्या व्यभिचारी स्त्रीची गोष्ट आहे. जो निष्पाप असेल त्याने आधी दगड मारावा असं येशू सुचवतात आणि एकेक जण निघून जातो. मग येशू तिला शिक्षा देत नाहीत, पण पुन्हा पाप करू नकोस असंही बजावतात. पाप करणारा पापाचा गुलाम असतो आणि त्यातून सुटका करणारा कोण, याची चर्चाही त्याच अध्यायात पुढे आहे. रमाबाई बोलत असतानाच मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, इतक्या की त्यांना बोलणं थांबवावं लागलं. पुढे कितीतरी दिवस मुली रडून आपापल्या चुका कबूल करत होत्या. ख्रिस्ती मंडळी याला पवित्र आत्म्याचं काम मानतात आणि केडगावचं ते जागरण जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात सांगितलं जातं. मला तिथे एक वेगळंही दिसतं. जन्मभर दुसऱ्यांनी पापिणी म्हटलेल्या मुली पहिल्यांदाच आपल्या मनाचा हिशेब स्वतः मांडत होत्या.

शेवटची अनेक वर्षं रमाबाईंनी एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. शेतात राबणाऱ्या बाईलाही कळावं म्हणून जड संस्कृत शब्द टाळले. संस्कृतच्या पंडितेने! जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या बायकांनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. कामात उजवा हात असलेली एकुलती एक लेक. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मुक्ती मिशन केडगावला आजही आहे.

रमाबाई जाऊन बरोबर शंभर वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. सरकारनेही इतर गावांना तेच करायला सांगितलं. शंभर वर्षं लागली! आणि आपण? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारची विधवा आपल्याला अजून आठवत नाही. तिचा नवरा कर्जापायी गेला असेल, अपघातात गेला असेल, पण पांढऱ्या पायाची ठरते ती. आपण भजनात विठोबाला पतितपावन म्हणतो. आपल्या उंबऱ्याशी मात्र पतिताला जागा नाही आणि नुसत्या दुर्दैवी बाईलाही नाही.

रमाबाईंचा धर्म कुणाला पटो न पटो, त्यांनी घालून दिलेला भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुसरीच्या कपाळी ठपका लावायचा नाही. आणि स्वतःच्या मनातलं पाप, मत्सर असो, चहाडी असो, सुनेला दिलेला त्रास असो, झाकायचं नाही. पहिलं आपल्या हातात आहे, ते येत्या सणापासून सुरू करता येईल. दुसऱ्यासाठी आपापल्या देवापुढे रिकाम्या हाताने उभं राहावं लागेल.