विनोबा भावे

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर, १८९५ – १५ नोव्हेंबर, १९८२) हे स्वातंत्र्यसैनिक, गीतेचे भाष्यकार आणि भूदान चळवळीचे प्रवर्तक होते. १९४० पर्यंत आश्रमीय वर्तुळाबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. वैयक्तिक सत्याग्रहासाठी महात्मा गांधींनी पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा हे विनोबा कोण, असा प्रश्न देशभर विचारला गेला.

बालपण

विनोबांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आता रायगड) जिल्ह्यातील पेण तालुक्यात गागोदे बुद्रुक या गावी झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. मुलांचे सुरुवातीचे संगोपन गागोद्याला आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या छायेत झाले. अंगणातला फणस पिकला की त्याचे गरे आधी शेजारीपाजारी पोचवायचे व मग घरच्यांनी खायचे, असा आईचा शिरस्ता होता. भूदानाची मुळे सांगताना विनोबा पुढे या फणसाची आठवण काढीत. संस्कृत गीता आईला समजत नसे. तिच्या निधनानंतर बऱ्याच वर्षांनी रचलेल्या ‘गीताई’चे मूळ या उणिवेत आहे.

१९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनायक सुरतेला गाडीतून उतरले आणि काशीला गेले. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रे त्यांनी त्याआधीच चुलीत घातली होती. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. १९१७ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते वाईस संस्कृत शिकले व मुदत संपताच परतले. १९२१ पासून वर्ध्याचा आश्रम त्यांनी सांभाळला. सूतकताई, विणकाम, भंगीकाम, अध्यापन आणि मधूनमधून तुरुंगवास यांत पुढची दोन दशके गेली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी सहबंद्यांना गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली.

पहिले सत्याग्रही

दुसऱ्या महायुद्धात भारताला न विचारता ओढल्याच्या निषेधार्थ निवडक व्यक्तींनी एकेकट्याने सत्याग्रह करावा, असे ऑक्टोबर १९४० मध्ये ठरले. पहिला मान जवाहरलाल नेहरूंसारख्या सर्वपरिचित नेत्याला मिळेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. गांधीजींनी पहिले नाव विनोबांचे दिले; नेहरू दुसरे ठरले. लोकांचे कुतूहल शमविण्यासाठी गांधीजींना ‘हरिजन’मधून आपल्या या सहकाऱ्याचा स्वतंत्र परिचय करून द्यावा लागला. त्यात संस्कृतच्या व्यासंगाबरोबरच सफाईपासून स्वयंपाकापर्यंतच्या कामांचा आणि टकळीवरील प्रभुत्वाचा उल्लेख होता. राजकीय पुढाऱ्याच्या परिचयात टकळी यावी, यातच या निवडीमागचा निकष दिसतो.

१७ ऑक्टोबर रोजी विनोबांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून सत्याग्रहास आरंभ केला. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. नेहरूंना प्रत्यक्ष सत्याग्रहाआधीच पकडण्यात आले व चार वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. सरकारच्या हिशेबात कोण मोठे होते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. लोकांचा हिशेब मात्र तेव्हापासून बदलू लागला.

भूदान

गांधीजींच्या हत्येनंतर सर्वोदय कार्यकर्ते विनोबांकडे पाहू लागले, तरी त्यांना खरी लोकप्रियता मिळाली ती १९५१ मध्ये, आणि तीही अनपेक्षितपणे. हैदराबादजवळच्या शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनास ते वर्ध्याहून पायी गेले. तेथून सशस्त्र संघर्षाने होरपळलेल्या तेलंगणात फिरत असता १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीच्या दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. सरकारकडे अर्ज करण्याचा विचार बोलून दाखवता दाखवता त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले. रामचंद्र रेड्डी या जमीनदाराने १०० एकर देऊ केले. योजना, समिती, निधी यांपैकी काहीही नसताना चळवळ उभी राहिली.

त्याच वर्षी नेहरूंनी त्यांना नियोजन आयोगाशी चर्चेसाठी दिल्लीस बोलावले. विनोबा पायीच गेले, राजघाटावर झोपडीत उतरले आणि आयोगाचे सदस्य चर्चेला तेथे आले. १९५४ मध्ये समाजवाद्यांचे लाडके नेते जयप्रकाश नारायण यांनी बोधगयेच्या संमेलनात या कार्यासाठी जीवनदान जाहीर केले. ज्यांच्याकडे देशाचे भावी नेतृत्व म्हणून पाहिले जात होते, ते गागोद्याच्या या कृश माणसामागून चालू लागले. पदयात्रा सुमारे १३ वर्षे चालली. १९५८ मध्ये सामुदायिक नेतृत्वासाठीचा पहिला रॅमन मॅगसेसे पुरस्कार विनोबांना मिळाला.

उद्दिष्ट ५ कोटी एकरांचे होते. दान ४० लाख एकरांहून थोडे अधिक मिळाले. त्यातील बरीच जमीन नापीक वा वादग्रस्त होती आणि वाटप फारच मागे राहिले. गर्दी जमली, कागदपत्रे मात्र मागे पडली, ही टीका अनाठायी नाही.

उत्तरायुष्य

१९७० नंतर विनोबा पवनारलाच राहिले. आणीबाणीचे वर्णन त्यांनी अनुशासनपर्व असे केल्याचे प्रसिद्ध झाले आणि तुरुंगात असलेल्या जयप्रकाशांचे अनेक अनुयायी दुखावले. या शब्दाचा सरकारने सोयीचा अर्थ लावला, असे विनोबांचे समर्थक मानतात. तरीही त्यांच्या लोकप्रियतेला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का होता.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजारपणात त्यांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य केले. १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवशी, पवनार येथे त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.