मातीला लोखंडाची ओळख करून देणारे लक्ष्मणराव

बीड - मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी यांची मुळे खोलवर जातात. बैलांनी ओढलेला लाकडी नांगर तेथवर पोचत नसे. ही अडचण ओळखून लोखंडी नांगर घडविणारे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला.

चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण रंगांधळेपणामुळे रंगकाम सोडावे लागले. यंत्रचित्रणात मात्र त्यांचा हात बसला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तेथे सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि त्यानंतर नांगर, असा त्यांचा प्रवास झाला.

नांगर तयार होता, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

ही भीती निराधार होती. धातूतील अणू आपले बाहेरचे इलेक्ट्रॉन सामाईक ठेवतात. त्यामुळे थर सरकले तरी बंध टिकतो. लोखंड वाकते, पण मिठाच्या खड्यासारखे फुटत नाही. मिठात धन व ऋण आयन एकाआड एक असतात. थर सरकताच समान भार समोरासमोर येतात आणि खडा तुटतो. लोखंडाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन बनणारा गंजही असाच ठिसूळ असतो. म्हणून त्याचे पापुद्रे निघतात. पण तो विष नव्हे. कोकणच्या तांबड्या मातीचा रंग लोखंडाच्या अशाच संयुगांमुळे आहे.

बिडाच्या फाळाचे गणित निराळे. ओतीव रस सावकाश निवला, तर त्यातील कार्बन ग्रॅफाइटच्या रूपाने वेगळा होतो व फाळ लवकर झिजतो. रस झटकन थंड केला, तर कार्बन लोखंडाशी संयुक्त राहतो. फाळ कठीण होतो, पण ठिसूळही. धार कठीण आणि अंग चिवट, हा मेळ साधण्यातच ओतारीचे कौशल्य असते.

बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकानजीकची ओसाड जमीन दिली. तेथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. तोवर लोखंडी नांगराला घाबरणारा शेतकरी उरला नव्हता.