गार पाण्यात पावणेपंधरा तास

पौषातल्या रविवारी वडील आम्हा भावंडांना गणेशपुरीला न्यायचे. आधी तानसेच्या पाण्यात बुडी, मग भीमेश्वराच्या देवळापाशी गरम पाण्याच्या कुंडात डुंबणं, हा त्यांचा ठरलेला क्रम. गरम पाण्याचं सुख कळायचं तर आधी अंगात हुडहुडी भरली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. नदीतून बाहेर आलो की दात कडकड वाजत आणि बधिर बोटांनी सदऱ्याची गुंडी काही केल्या निघत नसे. कुंडात पाय टाकला की पहिल्यांदा चटका बसे आणि मग हळूहळू सगळं अंग सैल पडे. अशाच एका सकाळी, १९६७च्या सुमारास, कुंडात गळ्यापर्यंत बसून वडिलांनी मला मिहिर सेन यांची गोष्ट सांगितली. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. तानसेहून गार समुद्रात हा माणूस पावणेपंधरा तास होता, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना.

मिहिर सेन यांचा जन्म १९३०चा, पुरुलियाचा. वडील डॉक्टर, पण घरची परिस्थिती बेताची. बालपण पुढे कटकला गेलं, आई दूध आणि अंडी विकून संसाराला हातभार लावायची. मुलगा वकील झाला, पण त्याला विलायतेला जाऊन बॅरिस्टर व्हायचं होतं. ओडिशातले बिजू पटनाईक यांनी मदत केली आणि १९५० साली तो इंग्लंडला पोचला. तिथे रेल्वे स्टेशनवर रात्रीची हमाली केली, पुढे इंडिया हाउसमध्ये नोकरी धरली आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टरही झाला. इथपर्यंतची कथा त्या काळच्या अनेक होतकरू तरुणांची आहे.

मग फ्लोरेन्स चॅडविक या अमेरिकन बाईंनी इंग्लिश खाडी पोहून पार केल्याचं त्यांच्या वाचनात आलं आणि डोक्यात भूत शिरलं. गंमत अशी, की सेन यांना तेव्हा धड पोहताही येत नव्हतं! वायएमसीएच्या तलावात ते मोठेपणी हात मारायला शिकले. १९५५ साली पहिला प्रयत्न केला, तो फसला. तरी ते मागे हटले नाहीत.

या खाडीत लाटा आहेत, भरती-ओहोटीचे ओढे आहेत, पण माणूस हरतो तो बहुधा गारठ्यापुढे. डोव्हर ते फ्रान्सचा किनारा सरळ रेषेत तेहेतीस-चौतीस किलोमीटर, आणि भर उन्हाळ्याच्या अखेरीलाही पाणी पंधरा ते अठरा अंशांचं. तेवढ्याच गार हवेत आपण एक स्वेटर घालून निवांत चहा पितो. पण पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून नेतं. आधी कातडी बधिर होते, मग बोटं एकमेकांना चिकटेनाशी होतात, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि शेवटी डोकं चालेनासं होतं. पोहणाऱ्याला आपण गारठलोय हेच उमगत नाही, ते होडीतल्या माणसांनी ओळखायचं.

कॅप्टन वेब यांनी १८७५ साली ही खाडी पहिल्यांदा पार केली तेव्हा अंगाला समुद्री प्राण्याचं तेल फासलं होतं. पुढच्या पोहणाऱ्यांनी लोकरीतून निघणारी चरबी वापरली. या लेपाने ऊब फारशी टिकत नाही, कातडी घासली जात नाही एवढंच, असं आता मानतात. वेब यांनी वाटेत ब्रँडीही घेतली होती. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटतं आणि प्रत्यक्षात ऊब बाहेर निसटते. हल्ली गार समुद्रात फळीवर उभी राहून लाटांवर स्वार होणारी मुलं रबरी पोशाख घालतात. कातडी आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाच्याच उबेने तापतो आणि तिथेच राहतो. ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती काढली. पण खाडी पोहण्याचे नियम कडक. साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा, बस्स. होडीला हातही लावायचा नाही. खायचं-प्यायचं ते होडीतून पुढे करतील तेवढंच. मग ऊब आणायची कुठून? कातडीखालच्या चरबीतून, महिनोन्‌महिने गार पाण्याची सवय करून, आणि हात अखंड मारत राहून. हात थांबला की भट्टी विझली.

२७ सप्टेंबर १९५८ रोजी सेन यांचा हात १४ तास ४५ मिनिटं थांबला नाही. खाडी पार करणारे ते पहिले भारतीय. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी आरती साहा या तरुणीनेही तीच खाडी पार केली.

वडिलांना मात्र १९६६चं कौतुक जास्त. एप्रिलमध्ये पाल्कची सामुद्रधुनी २५ तास ३६ मिनिटांत, नौदलाच्या सोबतीने. पाणी कोमट, पण भीती शार्क आणि सापांची. ऑगस्टमध्ये जिब्राल्टर, सप्टेंबरमध्ये दार्दानेल्स, मग बॉस्फोरस, आणि ऑक्टोबरअखेर पनामा कालवा, ३४ तास १५ मिनिटं. एका वर्षात पाच! कुंडातल्या वाफेत बोटं मोजत वडिलांनी ही नावं माझ्याकडून पाठ करून घेतली. भूगोलाच्या बाईंना पुढे त्याचं फार आश्चर्य वाटलं. १९६७ साली सेन पद्मभूषण झाले.

पुढचं आयुष्य वडिलांनी सांगितलं नाही, ते तेव्हा घडायचं होतं. सेन रेशमाच्या निर्यातीत उतरले, चांगले वर आले, राजकारणातही पडले. १९७७नंतर धंदा बसला. बँकेत असताना निर्यातदारांची खाती माझ्या टेबलावरून पुष्कळ गेली. भरभराटीतलं खातं दोन वर्षांत कसं आटतं हे आकड्यांत दिसतं, माणूस दिसत नाही. सेन यांची तर स्मृतीही हळूहळू गेली. ज्या सामुद्रधुन्या मला पाठ होत्या, त्या ज्याने पार केल्या त्यालाच आठवेनाशा झाल्या. ११ जून १९९७ रोजी कोलकात्यात ते गेले.

बातमी मी शाखेत, आतल्या पानावर, जेमतेम चार ओळींत वाचली. संध्याकाळी भिवंडीला वडिलांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी पाचही नावं क्रमाने म्हटली, आणि दार्दानेल्सपाशी अडखळले तेव्हा मी पुढचं सांगितलं.