पाखरांसाठी उभं पीक विकत घेणाऱ्या अहिल्यादेवी

जामखेड तालुक्यातल्या चौंडीची ही लेक, जन्म १७२५ चा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ ला सासरे मल्हारराव, अन् पुढच्याच वर्षी आजारी मुलगा मालेराव. मग कारभार स्वतः हातात घेतला, महेश्वरहून चालवला.

आपल्या शेतकऱ्यांना एक गोष्ट जास्त भिडेल. भर उन्हाळ्यात नांगराला जुंपलेले बैल त्यांची माणसं थांबवायची, आधी पाणी पाजायची. शेतातून पाखरं हाकलतात म्हणून उभं पीक विकत घेऊन त्यांच्यासाठी सोडलं. इंग्रज अधिकारी माल्कमनं हे लिहून ठेवलंय.

१७९१ मध्ये जावई गेले. लेक मुक्ताबाई सती निघाली. आईनं परोपरीनं विनवलं, तिनं ऐकलं नाही. नंतर तीन दिवस अहिल्यादेवींनी अन्नाला हात लावला नाही.