विश्लेषण : संसारात शिक्षण, घरात अबोला… रमाबाई रानडे यांची घुसमट काय सांगते?

प्रेम, भीती, अपराधीपणा या भावना खासगी वाटतात. पण त्या कशा व्यक्त करायच्या, हे बऱ्याचदा समाज ठरवतो. रमाबाई रानडे (१८६२-१९२४) यांचे आयुष्य याचे ठळक उदाहरण आहे.

विवाह कोणत्या परिस्थितीत झाला?
१८७३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पहिल्या पत्नीचे निधन झाले. रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. मुलगा विधवेशी लग्न करील, या धास्तीने वडिलांनी घाईने दुसरे लग्न ठरवले. वडिलांचा शब्द मोडणे रानड्यांना जमले नाही. वर ३१ वर्षांचा, वधू ११ वर्षांची. सुधारकांनी त्यांच्यावर टीका केली.

घरात विरोध का झाला?
रानड्यांनी पत्नीला आधी मराठी, मग इंग्रजी शिकवले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे रुचले नाही. टोमणे, अबोला सुरू झाला. पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचले, तेव्हाही घरी बोलणी खावी लागली. त्या बायकांचा राग निव्वळ दुष्टपणा नव्हता. शिकलेल्या बाईचा नवरा लवकर मरतो, अशी समजूत तेव्हा होती. त्यामुळे रागाच्या आड भीतीही होती.

रमाबाईंची कोंडी कोणती?
शिकावे तर सासर दुखावते, न शिकावे तर पती. शिक्षणाची ओढ होती, पण सुरुवात पतीच्या इच्छेने झाली होती. पत्नीने पतीचे नाव घ्यायचे नाही, असा तेव्हा रिवाज होता. प्रेम बोलून नव्हे, तर सेवेतून आणि आज्ञापालनातून दिसायचे. म्हणून त्यांचे आज्ञापालन केवळ धाक समजणे अपुरे, आणि केवळ प्रेम समजणेही.

पुढे काय झाले?
१९०१ मध्ये रानडे गेले. विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे, अशी तेव्हा अपेक्षा असे. शोकाचा काळ सरल्यावर रमाबाई मात्र बाहेर पडल्या. १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन उभे केले. तिथे अनेक विधवा शिकून परिचारिका आणि शिक्षिका झाल्या. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आले. ज्या शिक्षणासाठी त्यांनी टोमणे सोसले, त्यातूनच आपले सुखदुःख मांडण्याची भाषा त्यांना मिळाली.