शाळा अंगणात आणणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आता आपल्या घराघरांत झाला आहे. सकाळी आई लेकराला बोटाला धरून अंगणवाडीत सोडते, लेकरू तिथं खिचडी खातं, गाणी म्हणत घरी येतं. पण शाळेला अंगण हा शब्द का लागला, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यामागे पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे जीवनकार्य आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी विधवेशी विवाह केला होता. अशा सुधारकी घरात वाढलेल्या ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. लग्नानंतर त्या आपल्या विदर्भात, अमरावतीला आल्या. पुढे संसार टिकला नाही. पण त्या खचल्या नाहीत, नोकरी करून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

भावनगरला गिजुभाई बधेका लहान मुलांसाठी छडी नसलेली, खेळातून शिकवणारी शाळा चालवीत होते. ताराबाई त्यांच्या कामात सामील झाल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. मात्र असे बालशिक्षण तोवर शहरातल्या खात्यापित्या घरांपुरतेच होते. गरिबाच्या लेकराचं काय, हा प्रश्न ताराबाईंना सतावत होता. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ साली, मुंबई सोडून त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या खेड्यात गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली. पण अस्पृश्य मानलेल्या वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची पोरं काही येईनात. आईबाप मजुरीला, अंगावर धड कपडा नाही, आणि शाळा ही आपली जागा नव्हे अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, या लोकांना शिक्षणाची आवडच नाही. ताराबाईंनी दोष लेकरांना दिला नाही, आईबापांनाही दिला नाही. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात जाईल, असं त्यांनी ठरवलं. वस्तीतलं अंगण झाडून तिथंच मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. परदेशी धर्तीची महाग साधनं परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. अशी ही अंगणातली बालवाडी.

पुढे हे काम वारली वस्तीच्या कोसबाड टेकडीवर गेले. धाकट्या भावंडाला सांभाळायला मुलगी घरी राहते, म्हणून बालवाडीशेजारी पाळणाघर आले. पोरं गुरांमागे जातात, म्हणून कुरणात कुरणशाळा भरली. लेकराची जी अडचण असेल तिच्याप्रमाणे शाळेनं बदलायचं, हा ताराबाईंचा नियम होता. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पाहू. भामरागड-एटापल्लीकडे घरी माडिया बोलतात, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, जिवतीच्या पहाडावर गोंडी आणि कोलामी. अशा घरचं तीन वर्षांचं लेकरू मराठी न कळल्यामुळे गप्प बसलं, तर ते मंद आहे असा शिक्का चटकन बसतो. बाबासाहेबांना शाळेत गोणपाटावर वेगळं बसवलं गेलं, हे आपण विसरलेलो नाही. लेकराची बोली समजून न घेणं हेही त्याला वेगळं बसवणंच आहे. त्याच्या बोलीतला शब्द आधी आणि मराठी शब्द त्याच्या जोडीला, प्रत्येकाच्या घरचं एक गाणं, आणि सगळ्यांची एकच पंगत. याला पैसा लागत नाही, माया लागते.

माता-भगिनींनो, उद्या लेकराला सोडायला जाल तेव्हा क्षणभर दारात थांबा. कोणतं लेकरू एकटं बसलं आहे ते पहा. आपल्या लेकराला त्याच्या शेजारी बसवा. ताराबाईंचं काम तिथूनच पुढं जाईल.