मेलबर्न गाजवणारे आसगावचे नेव्हिल डिसोझा

भारतीय फुटबॉलच्या इतिहासात १ डिसेंबर १९५६ या दिवसाला मानाचे स्थान आहे. मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्या चारपैकी तीन गोल बार्देशातील आसगावात जन्मलेल्या चोवीस वर्षांच्या नेव्हिल डिसोझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक नोंदवणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ सालचा. त्यांची फुटबॉल कारकीर्द घडली ती मुंबईत. त्या काळी मोठ्या कंपन्यांचे संघ खेळाडूंना नोकरी आणि मैदान दोन्ही देत. नेव्हिल टाटा आणि पुढे कॅल्टेक्स या संघांचे आघाडीपटू झाले. १९५४ मध्ये मुंबईने प्रथमच संतोष करंडक जिंकला, त्या संघात ते होते. १९५८ मध्ये कॅल्टेक्सने मानाचा रोव्हर्स चषक पटकावला, त्या यशातही त्यांचा वाटा होता. त्यांचे बंधू डेरेक हेही भारताकडून खेळले.

मेलबर्नला गेलेल्या संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते आणि कर्णधार समर बॅनर्जी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. ती जखम अजून ताजी होती. मेलबर्नमध्ये हंगेरीने माघार घेतल्याने पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल यांनी नवव्या मिनिटाला खाते उघडले. यजमानांनी दोनदा बरोबरी साधली; मात्र उत्तरार्धाच्या प्रारंभीच नेव्हिल यांनी तिसरा गोल करून भारताला पुन्हा आघाडीवर नेले. चौथा गोल किट्टू यांचा.

उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया होता. पूर्वार्ध गोलशून्य राहिला आणि उत्तरार्धात पहिला गोल भारताने केला, तोही नेव्हिल यांनीच. काही काळ अंतिम फेरी दृष्टिपथात आली होती. परंतु युगोस्लाव्हियाने लागोपाठ प्रतिहल्ले करून सामना ४-१ असा जिंकला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केल्याने भारताला चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले. वैयक्तिक गोलांच्या यादीत मात्र चार गोलांसह नेव्हिल संयुक्तपणे अग्रस्थानी राहिले. त्यांच्या बरोबरीला युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे मिलानोव्ह होते.

या पराक्रमाला आणखी एक संदर्भ आहे. नेव्हिल भारताची जर्सी घालून मैदानात उतरले तेव्हा त्यांची जन्मभूमी पोर्तुगीज अमलाखाली होती. १९५५ च्या सत्याग्रहानंतर भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध तुटले होते. गोवा मुक्त व्हायला अजून पाच वर्षांचा अवधी होता.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले. पहिल्याच वर्षी मेलबर्नमधील त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी यांचा त्या पुरस्काराने गौरव झाला. नेव्हिल यांचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. १९८० मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर भारताला या स्पर्धेच्या फुटबॉलमध्ये प्रवेश मिळालेला नाही. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची एकमेव हॅट्‌ट्रिक म्हणून आजही आसगावच्या या सुपुत्राचेच नाव घ्यावे लागते.